वाचकांचे प्रश्न: परदेशात राबणाऱ्या माणसासाठी भारत परिषदेत जाऊन काय मागतो?

गेल्या अंकात आम्ही एक छोटी चौकट छापली होती, स्थलांतर आणि विकास या विषयावर देशादेशांत ज्या बोलण्या होतात त्यात भारत कुठे आहे, आणि कोलंबो प्रोसेस नावाच्या गटाचं अध्यक्षपद भारताकडे आलंय एवढंच त्यात होतं. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की हे पूर्ण सदर त्यालाच दिलंय. सगळ्यांचे प्रश्न घेता आले नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: माझे मिस्टर सौदीला हेल्पर आहेत. मागे त्यांचा चार महिने पगार अडकला होता, तेव्हा कुठली परिषद मदतीला आली नाही. मग हे मंत्री आणि अधिकारी जिनेव्हाला, कोलंबोला जाऊन जे बोलतात त्याने आमच्या घरात काय फरक पडतो? (वाचक, ता. खेड, जि. रत्नागिरी)

उत्तर: ताई, तुमचा राग रास्त आहे. पगार अडकला की जिनेव्हातला ठराव दाखवून तो सुटत नाही, त्याचा रस्ता वेगळा आहे, आणि तो आधी सांगते कारण बऱ्याच घरांत तो माहीतच नसतो. परराष्ट्र खात्याचं मदद पोर्टल आहे, त्यावर घरचा माणूस इथे बसून तक्रार टाकू शकतो. रियाध आणि जेद्दाहला प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. आणि दूतावासाकडे २००९ पासून इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे, त्यातून अडकलेल्या गरजू माणसाची राहायची सोय, परतीचं तिकीट, वकिलाची मदत, आणि कोणी दगावला तर मयत घरी आणायचा खर्च करता येतो. हा फंड मागावा लागतो, कोणी दारात आणून देत नाही.

आता परिषदेचं. कोलंबो प्रोसेस हा आशियातल्या कामगार पाठवणाऱ्या १२ देशांचा गट आहे, भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, फिलिपिन्स, इंडोनेशिया वगैरे, २००३ ला सुरू झाला आणि मे २०२४ मध्ये भारत पहिल्यांदाच त्याचा अध्यक्ष झाला. दुसरं टेबल अबूधाबी डायलॉगचं, ते २००८ पासून, तिथे हेच देश असतात आणि समोर सौदी, यूएई, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, म्हणजे कामाला घेणारे. तुमच्या मिस्टरांचा पगार किती असावा याचा या टेबलांशी संबंध आहे तो कसा ते एका उदाहरणाने सांगते.

आपलं सरकार आखाती देशांसाठी कामाप्रमाणे एक किमान पगार ठरवून देतं, करारात त्याच्याखाली आकडा असेल तर त्या करारावर माणूस पाठवायचा नाही असा हिशोब. सप्टेंबर २०२० मध्ये, कोविड चालू असताना, हे किमान पगार सरकारने ३० ते ५० टक्के खाली आणले. कारण काय, तर आपला माणूस महाग पडला तर नोकरी शेजारच्या देशाला जाईल. त्यावर बोंब झाली, तेलंगणातून प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि पुढच्या वर्षी तो निर्णय मागे घेतला गेला. पण त्या मधल्या काळात ज्यांनी करार केले त्यांचं काय?

म्हणजे बघा, आपण खाली आलो की ढाका खाली येणार, मग काठमांडू, आणि फायदा फक्त कफीलचा, म्हणजे तिथे कामाला ठेवणाऱ्या मालकाचा. स्टँडवरच्या सगळ्या रिक्षावाल्यांनी मिळून भाडं धरून ठेवलं तरच ते टिकतं, एकाने तोडलं की सगळ्यांचं तुटतं. बारा देशांनी एकत्र बसायचं खरं कारण माझ्या मते हेच असायला हवं. सध्या तिथे काम चालतं ते जास्त करून कौशल्याची सर्टिफिकेटं एकमेकांकडे चालावीत, भरती नीट व्हावी, जाण्याआधी माणसाला माहिती द्यावी, घरी पैसे पाठवणं स्वस्त व्हावं अशा विषयांवर. ते सगळं हवंच. पण पगाराचा तळ बारा जणांनी मिळून ठरवायचा, हा विषय भारताने अध्यक्षाच्या खुर्चीवरून रेटायला हवा असं मला मनापासून वाटतं, आपण यातला सगळ्यात मोठ्या वजनाचा देश आहोत, आपण नाही रेटणार तर कोण रेटणार?

आणि रेटलं तर होतं हो. फिलिपिन्सचं बघा. फेब्रुवारी २०१८ मध्ये आपल्या बायकांवर कुवेतमध्ये घरकामात अत्याचार होतायत म्हणून त्यांनी कुवेतला नवीन माणसं पाठवणंच बंद केलं. मे महिन्यात करार झाला, त्यात कामवाल्या बाईचा पासपोर्ट आणि मोबाईल तिच्याच हातात राहील हे लिहून घेतलं, मग बंदी उठली. पासपोर्ट आणि मोबाईल! आखातात ज्याच्या घरचं कोणी राहिलंय त्याला कळेल या दोन वस्तू स्वतःकडे असणं म्हणजे काय. पुढे त्यांनी परदेशातल्या कामगारांसाठी वेगळं मंत्रालयच काढलं, त्याचा कायदा डिसेंबर २०२१ चा. आपल्याकडे परदेशातल्या भारतीयांसाठी वेगळं मंत्रालय होतं, ते २०१६ ला परराष्ट्र खात्यात विलीन केलं.

प्रश्न: मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. जीएफएमडी, ग्लोबल कॉम्पॅक्ट, आयओएम यात खूप गोंधळ होतो. भारताने नक्की कशावर सही केली आहे आणि काय बंधनकारक आहे? (वाचक, पुणे)

उत्तर: क्रमाने घे म्हणजे गोंधळ होणार नाही. सप्टेंबर २००६ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत या विषयावर पहिली मोठी उच्चस्तरीय चर्चा झाली, तेव्हा कोफी अन्नान सरचिटणीस होते, त्यांनी सुचवलं की देशांनी मोकळेपणाने बोलायला एक कायमची जागा हवी, ती जागा म्हणजे जीएफएमडी, ग्लोबल फोरम ऑन मायग्रेशन अँड डेव्हलपमेंट. ती संयुक्त राष्ट्रांच्या बाहेर आहे, देशच चालवतात, ठराव बंधनकारक नसतात. पहिली बैठक २००७ ला ब्रसेल्स, मग २००८ मनिला, पुढे यजमान शहर बदलत गेलं, २०१६ ला ढाका झालं. आयओएम म्हणजे इंटरनॅशनल ऑर्गनायझेशन फॉर मायग्रेशन, ही संघटना १९५१ ची, भारत तिचा सभासद झाला २००८ ला आणि ती संयुक्त राष्ट्रांच्या कुटुंबात आली २०१६ ला.

ग्लोबल कॉम्पॅक्ट म्हणजे स्थलांतर सुरक्षित आणि रीतसर व्हावं यासाठी देशांनी मिळून ठरवलेला मजकूर, तो डिसेंबर २०१८ मध्ये मोरोक्कोत मराकेशला स्वीकारला गेला, त्यात २३ उद्दिष्टं आहेत. नंतर आमसभेत मतदान झालं, १५२ बाजूने, ५ विरोधात (अमेरिका, हंगेरी, इस्रायल, पोलंड, चेक प्रजासत्ताक) आणि १२ तटस्थ. भारत बाजूने. पण सही वगैरे काही नसते, तो करार नाही, मजकुरातच लिहिलंय की कायद्याने बंधनकारक नाही.

बंधनकारक जे आहे ते वेगळंच. १९९० चा स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबांच्या हक्कांचा करार, तो २००३ पासून लागू आहे. श्रीलंका, बांगलादेश, फिलिपिन्स, इंडोनेशिया यांनी तो मान्य केलाय, भारताने केलेला नाही. परीक्षेत हे विचारतील न विचारतील, पण मला हे खटकतं. बाहेरच्या देशांत आपल्या माणसाचे हक्क मागताना हातात तो करार असता तर बरं झालं असतं, आणि आखाती देशांनी तो मान्य केलेला नाही म्हणून आपणही थांबायचं हे काही मला पटत नाही. घरचा कायदा तर अजून १९८३ चाच चालू आहे, एमिग्रेशन ॲक्ट, नव्याचे मसुदे २०१९ ला आले, २०२१ ला आले.

प्रश्न: माझा नवरा मालवाहू जहाजावर आहे. बोटीवरचे लोक या स्थलांतराच्या चर्चेत येतात का? की आमचं कोणी बघतच नाही? (वाचक, वास्को)

उत्तर: उलट तुमचं जास्त बघितलं गेलंय, आणि आंतरराष्ट्रीय बोलणी मनावर घेतली की काय होतं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण बोटीवरचंच आहे. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, २००६ चं, भारताने ते ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्य केलं, आणि हे बंधनकारक आहे. पगार निदान महिन्याला एकदा, घरी परत आणायचा खर्च मालकाचा, नोकरी लावून द्यायचे पैसे खलाशाकडून घ्यायचे नाहीत. जानेवारी २०१७ पासून त्यात अजून एक भर पडली, मालकाने जहाज वाऱ्यावर सोडलं तर त्यासाठी विमा असावाच लागतो, त्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी यायचा खर्च मिळू शकतो. दोन महिने पगार नाही दिला तरी ते सोडून दिल्यातच धरलं जातं. या विम्याचं सर्टिफिकेट बोटीवर सगळ्यांना दिसेल असं लावायचं असतं, मिस्टरांना सांगा चढल्यावर ते कुठे लावलंय ते बघा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून तुम्हाला पाठवा. सही करायच्या आधी हेही बघायचं की बोट कुठल्या देशाच्या झेंड्याखाली आहे आणि त्या देशाने हे कन्व्हेन्शन मान्य केलंय का. आणि एजन्सीकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याचं, लायसन्स आहे की नाही, हे तर आधीच.

जमिनीवरच्या कामगाराला यातलं निम्मं जरी मिळालं ना तरी मोठी गोष्ट होईल.

प्रश्न: घरी पैसे पाठवताना एवढा चार्ज का? (वाचक, शारजाह)

उत्तर: थोडक्यात. २०१५ ला सगळ्या देशांनी मिळून ठरवलं की २०३० पर्यंत हा खर्च ३ टक्क्यांच्या खाली आणायचा, जगाची सरासरी अजून ६ टक्क्यांच्या वर आहे. आखातातून भारतात पाठवणं त्यामानाने स्वस्त पडतं, पण फी कमी दाखवून रेटमध्ये मारतात, म्हणून हातात रुपये किती पडले तेवढंच बघायचं. भारत हा विषय सातत्याने लावून धरतोय हे मान्य करायला पाहिजे, फेब्रुवारी २०२४ मध्ये अबूधाबीला जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेतही तो मांडला, आणि सिंगापूरशी यूपीआय २०२३ मध्ये जोडलं. आपला स्वार्थही आहेच, बाहेरून घरी येणाऱ्या पैशात भारत जगात पहिला. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत यातला २०.५ टक्के वाटा महाराष्ट्राचा निघाला, केरळच्याही थोडा वर. यात अमेरिकेतल्या इंजिनिअरचे डॉलर आणि तुमचे दिरहम एकत्र आहेत.

प्रश्न: मुलगा आयटीआय झालाय, जर्मनीला पाठवतो म्हणून एक क्लासवाला मागे लागलाय. सरकारचा असा काही करार आहे का? (वाचक, लातूर)

उत्तर: आहे. भारत आणि जर्मनीचा डिसेंबर २०२२ चा करार आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी वेगळा करार केला, पहिल्या टप्प्यात १०,००० कुशल मुलं असं त्यात जाहीर झालं. जर्मनीने भारतीयांसाठी कुशल कामगारांचे व्हिसे वर्षाला २०,००० वरून ९०,००० करायचं ठरवलंय. पण काका, करार झाला म्हणजे नोकरी झाली असं नाही. सगळं गाडं भाषेवर अडतं, आणि जर्मन काही सहा आठवड्यात येत नाही. त्यानंतर त्याचं आयटीआय तिथे कितपत धरलं जातं हे तपासून घ्यावं लागतं. क्लासवाल्याने 'सरकारी करारातून' म्हटलं तर लेखी मागा, आणि कुठल्या कंपनीचं ऑफर लेटर आहे ते विचारा. अशा करारांत युरोपच्या देशांना अजून एक गोष्ट हवी असते, कागद नसलेली माणसं आपण परत घ्यायची, तेव्हा चुकीच्या व्हिसावर 'जाऊ तर दे, मग बघू' हे मुलाच्या डोक्यात अजिबात येऊ देऊ नका.

प्रश्न: दुबईला हेल्परच्या कामाला एजंट दीड लाख मागतोय, विझिट व्हिसावर नेतो आणि तिथे गेल्यावर कामाचा करतो म्हणतो. भाऊ दहावी नापास आहे. देऊ का? (वाचक, म्हसळा)

उत्तर: नका देऊ. दहावी नाही म्हणजे भावाचा पासपोर्ट ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा) असणार, आणि अशा पासपोर्टवर यूएई धरून १८ देशांत कामाला जायचं तर एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. विझिट व्हिसा दाखवला की हा क्लिअरन्स चुकवता येतो, म्हणूनच एजंट तो रस्ता सांगतो. त्यात तुमच्या भावाचं जातं काय ते बघा, करार कुठेच नोंदला जात नाही, आणि प्रवासी भारतीय बीमा योजना मिळत नाही, जिचा हप्ता दोन वर्षांना फक्त २७५ रुपये आहे आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण असतं.

कायद्याने रजिस्टर्ड एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो, सगळं मिळून ३५,४०० होतात, तेही पावती देऊन. आंतरराष्ट्रीय बोलण्यांत तर आता मागणी अशी आहे की भरतीचा खर्च कामगाराने द्यायचाच नाही, मालकाने द्यायचा, ग्लोबल कॉम्पॅक्टच्या सहाव्या उद्दिष्टात ते आहे. नेपाळने २०१५ मध्ये आखातासाठी व्हिसा आणि तिकीट मालकाच्या खर्चाने असा नियम केला, तो तिथे पूर्ण पाळला जातो असं नाही, पण निदान मागायला आधार तरी झाला. आपल्याकडे ३०,००० ची मर्यादा असून दीड लाख मागायची हिंमत होते कारण पावती कोणी मागतच नाही.

तेव्हा आधी परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट पोर्टलवर जाऊन रजिस्टर्ड एजंटच्या यादीत त्याचं नाव आणि लायसन्स नंबर शोधा. नाव नसेल तर त्याच पोर्टलवर तक्रार टाका, किंवा मुंबईला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या, म्हणजे हा क्लिअरन्स देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, ऑफिसला कळवा. त्याने भावाचा मूळ पासपोर्ट आधीच ठेवून घेतला असेल तर तो आजच परत आणा, पैशाचं बोलणं त्यानंतर.