व्हिसिडायलमधून एजंटच्या कामाचा रिपोर्ट कसा काढावा?

व्हिसिडायल या कॉल सेंटरमधले कॉल जोडणाऱ्या आणि त्यांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. नव्याने टीम लीडर झाल्यावर तुमच्या लॉगिनमध्ये रिपोर्ट्सचा मेन्यू का दिसत नाही, ही पहिली. ज्या एजंटचा टॉक टाइम (कॉलवर जाणारा वेळ) सतत जास्त येतो, तिच्यावर कारवाई करताना पुरावा म्हणून कोणता रिपोर्ट जोडावा, ही दुसरी. पहिलीचे उत्तर थोडक्यात संपते. दुसरी वाचल्यावर मात्र मला गप्प बसवेना.

तुमच्या युजरची पातळी किमान 7 असावी लागते आणि त्या युजरला ‘व्ह्यू रिपोर्ट्स’ची परवानगी द्यावी लागते. पातळी 7 वर रिपोर्ट पाहता येतात, सेटिंग्ज बदलता येत नाहीत. टीम लीडरला तेवढे पुरेसे आहे. मेन्यू दिसूनही तुमची कॅम्पेन (ज्या कामाचे कॉल तुमची टीम हाताळते ते) यादीत येत नसेल, तर अडचण युजर ग्रुपमध्ये असते. तिथल्या ‘अलाउड कॅम्पेन्स’ आणि ‘अलाउड रिपोर्ट्स’ या दोन नोंदी अ‍ॅडमिनकडून तपासून घ्या. तुम्हाला हवा असलेला रिपोर्ट ‘एजंट परफॉर्मन्स डिटेल’ हा आहे. तारखा, कॅम्पेन आणि ग्रुप निवडून तो चालवावा आणि डाउनलोडच्या दुव्यावरून एक्सेलमध्ये उघडावा. जुन्या महिन्यांचे आकडे रिकामे आले, तर अर्काइव्हमध्ये शोधण्याचा पर्याय निवडावा.

आता दुसरी गोष्ट. मी 2015 ते 2019 या काळात पुण्यातील एका कॉल सेंटरमध्ये एमआयएस, म्हणजे आकडेवारी आणि रिपोर्टचे काम, सांभाळत होते. अमेरिकेतील रुग्णांच्या बिलांविषयीचे इनबाउंड कॉल आमच्याकडे येत आणि संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन अशी शिफ्ट असे. दर सोमवारी मी ऑपरेशन्स मॅनेजरना एजंटनिहाय तक्ता पाठवायची आणि ते त्यातला फक्त सरासरी टॉक टाइमचा स्तंभ घेऊन, चढत्या क्रमाने लावून, फ्लोअरवरच्या फलकावर चिकटवीत असत. त्या यादीत सलग सहा आठवडे सर्वांत खाली एकच नाव होते. सोलापूरकडची मुलगी होती, पहिलीच नोकरी होती आणि त्या तिमाहीचा इन्सेन्टिव्ह तिच्या हातून गेला होता. तिची सरासरी 5 मिनिटे 40 सेकंद होती, तर टीमची 5 मिनिटे 5 सेकंद. ती कॉल संपल्यावर बसून राहते, असा मॅनेजरांचा निष्कर्ष होता आणि त्याला आधार म्हणून त्यांनी ‘डेड’चा स्तंभ दाखवला: प्रत्येक कॉलमागे सरासरी 48 सेकंद. एका शिफ्टमधल्या 64 कॉलना गुणले, तर दिवसाची 51 मिनिटे होत होती. आकडा खरा होता. तो मीच काढून दिला होता.

ग्राहकाने फोन ठेवल्यापासून एजंटने ‘हँगअप कस्टमर’ दाबेपर्यंतचा जो वेळ जातो, तो व्हिसिडायलमध्ये डेड म्हणून नोंदला जातो आणि तो टॉक टाइमच्या आतच धरलेला असतो. टॉकमधून डेड वजा करून उरलेला वेळ ‘कस्टमर’ या वेगळ्या स्तंभात दिलेला असतो. तो पाहिला असता, तर तिचा आकडा 4 मिनिटे 52 सेकंद आणि टीमचा 4 मिनिटे 59 सेकंद होता, म्हणजे ग्राहकाशी बोलण्यात ती टीमपेक्षा 7 सेकंद कमीच घेत होती. तो स्तंभ माझ्या तक्त्यात पहिल्या दिवसापासून होता, आणि तो मीही कधी वाचला नव्हता.

एका रात्री मी तिच्या कॉलची रेकॉर्डिंग्ज लावून बसले. पलीकडच्या वयस्कर बाईंनी आभार मानून फोन ठेवला आणि त्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये फक्त कीबोर्डचा आवाज येत राहिला. भराभर, न थांबता, पाऊण मिनिट. पुढच्या कॉलमध्ये तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. मी उठून तिच्या शेजारी खुर्ची ओढली आणि कॉल संपल्यावर लगेच हँगअप का करत नाहीस, असे विचारले. ती म्हणाली, “मॅडम, हँगअप केलं की डिस्पोची खिडकी येती आणि मागचं सगळं झाकून जातं. मग लिहू कुठं?”

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. हँगअप दाबताच डिस्पोझिशनचा, म्हणजे कॉलचा निकाल नोंदवण्याचा, पडदा समोर येतो आणि ग्राहकाची माहिती व कॉमेंट्सची चौकट त्याच्यामागे जाते. म्हणून ती टिपण आधी पूर्ण करून मग हँगअप दाबत असे आणि डिस्पो तिच्याकडे 9 सेकंदांत संपत असे. बाकीचे आधी हँगअप दाबून डिस्पोच्या पडद्यावर सरासरी 52 सेकंद घेत होते आणि टिपणात बहुतेकदा एखादाच शब्द लिहीत होते. टॉक आणि डिस्पोची बेरीज केली, तर तिचे प्रत्येक कॉलमागे 5 मिनिटे 49 सेकंद होत होते आणि टीमचे 5 मिनिटे 57 सेकंद. फलकावर सर्वांत खाली असलेली मुलगी टीमच्या सरासरीपेक्षा लवकर काम उरकत होती.

मी हे सर्व एका पानावर मांडून मॅनेजरांकडे गेले. त्यांनी ते वाचले आणि सिस्टिम जे दाखवते तेच मी धरणार, असे सांगितले. वर उपाय म्हणून कॅम्पेनमध्ये ‘डेड मॅक्स सेकंड्स’ 15 वर लावून घेतले. त्याचा अर्थ असा की ग्राहकाने फोन ठेवून 15 सेकंद झाली, की सिस्टिम तो कॉल आपोआप बंद करून डीसीएमएक्स असा डिस्पो टाकते. पुढच्या आठवड्यापासून तिची टिपणे अर्धवट तुटू लागली. तेच रुग्ण पुन्हा फोन करू लागले आणि दुसऱ्या एजंटला त्यांची कहाणी पहिल्यापासून ऐकावी लागू लागली. टॉक टाइमचा स्तंभ मात्र सुधारला आणि फलकावर तिचे नाव वर सरकले. दोन महिन्यांनी तिने नोकरी सोडली.

सिस्टिमने तेव्हाही काहीही लपवले नव्हते, हे मला आजही त्या मॅनेजरांना सांगावेसे वाटते. पॉज, वेट, टॉक, डिस्पो, डेड, कस्टमर हे सगळे स्तंभ एकाच ओळीत शेजारी शेजारी होते. त्यांतला एक उचलून माणसाचे मोल ठरवणे हा त्यांचा निर्णय होता आणि त्याला रिपोर्ट म्हणणे चूक होते. योग्य उपाय त्याच कॅम्पेनच्या सेटिंग्जमध्ये होता: ‘कॉमेंट्स डिस्पो स्क्रीन’ हा पर्याय सुरू केला, की टिपणाची चौकट डिस्पोच्या पडद्यावरच मिळते.

तेव्हा तुमच्या एजंटच्या बाबतीत नुसता टॉक टाइम जोडू नका. टॉक, डेड, कस्टमर आणि डिस्पो हे चारही स्तंभ एकत्र ठेवा, तिची दहा रेकॉर्डिंग्ज शेवटपर्यंत ऐका आणि एक तास तिच्या शेजारी बसून ती कोणते बटण केव्हा दाबते ते पाहा. तिचा रिपोर्ट कारवाईआधी तिला स्वतःला दाखवा. ती दोन वाक्यांत जे सांगेल, ते तुम्हाला कोणत्याही स्तंभात सापडणार नाही.

तारखांबाबतही सावध राहा. रिपोर्ट सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे चालतो. सर्व्हर भारतीय वेळेवर असेल, तर रात्रीची शिफ्ट मध्यरात्री तुटून दोन तारखांत विभागली जाते आणि एकाच तारखेचा रिपोर्ट काढल्यास दोन वेगवेगळ्या शिफ्टचे अर्धे अर्धे तुकडे हाती येतात. सर्व्हर न्यूयॉर्कच्या वेळेवर असेल, तर उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असल्याने आमची साडेसहाची शिफ्ट तिथे सकाळी 9 ला सुरू होऊन संध्याकाळी 6 ला संपे, म्हणजे एकाच तारखेत बसे. नोव्हेंबरात तो फरक साडेदहा तासांचा होतो.

डेड टाइममध्ये खरोखर दडून बसणारे एजंटही असतात, हे मी नाकारत नाही. मी स्वतः असे दोघे पाहिले आहेत. त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये ग्राहक गेल्यानंतर कीबोर्डचा आवाज नव्हता आणि त्यांच्या कॉमेंट्सची चौकट रिकामी होती.