आई-दादांना घेऊन अमेरिकेला जायलास तर तिकिटाआधी विमान कोणतं ते बघ

भावा, तू नुसतं भाडं बघायलास, पण लातूरहून रात्रभर ट्रॅव्हल्सनं मुंबई गाठायची अन् मग पुन्हा पंधरा-सोळा तास बसायचं, म्हणून तिकिटाच्या पानावर विमानाचं नाव असतंच ते आधी वाच. माझं मत विचारशील तर एअरबस कंपनीचं ए३५० मिळत असेल तर डोळे झाकून घे. इकॉनॉमीत बहुतेक कंपन्यांची ३-३-३ रचना, म्हणजे एका रांगेत तीन-तीन सीटांचे तीन गट अन् मधे दोन वाटा, सीट साधारण १८ इंच रुंद, अन् केबिनमधला हवेचा दाब ६००० फुटांवर असतो तेवढा, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा थोडंच वर. जुन्या विमानांत हा ८००० फुटांपर्यंत जातो, वयस्कर माणसाला त्यानं थकवा अन् डोकेदुखी लवकर होते. बोइंग कंपनीच्या ७८७ मध्येही दाब तसाच चांगला, हवा कमी कोरडी, खिडक्या लै मोठ्या, पण तिथं नऊ सीटा १७ इंचाच्या, खांद्याला खांदा लागतो. बोइंगच्याच ७७७ मध्ये आता बहुतेक ठिकाणी ३-४-३, दादा अंगानं भरलेले असतील तर तिथं मधली सीट अजिबात नको. एअरबसचं दुमजली ए३८० लै शांत, अन् वरच्या मजल्यावर २-४-२ असेल तर दोघांना कडेची जोडी मिळते, म्हातारा-म्हातारीला याच्याएवढं सोयीचं काही नाही.

पाय किती पसरतील हे मात्र विमानावर नाही, कंपनीवर असतं, पुढच्या-मागच्या सीटांमधे ३१-३२ इंचाचं अंतर आहे का ते विचार. अन् सगळ्यात पुढची भिंतीजवळची सीट लोक मागून घेतात, तिथं जेवणाचा ट्रे सीटच्या हातात बसवलेला असतो म्हणून तो हात वर उचलत नाही अन् बसायची जागा कमी पडते. आईचे गुडघे दुखतात म्हणालास ना, तिला ये-जा करायच्या वाटेलगतची सीट दे.