राजस्थानी लोकसंगीतातले लंगा आणि मांगणियार एकच का? ऐकताना फरक कसा ओळखायचा?

एकच नाहीत; सोपी खूण म्हणजे कमायचा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) दिसला तर मांगणियार, सिंधी सारंगी दिसली तर लंगा. दोघेही थारच्या वाळवंटातले पिढीजात मुसलमान गवई, म्हणून गोंधळ होतो. खरा फरक यजमानांचा, म्हणजे पिढीजात आश्रयदात्यांचा आहे. जैसलमेर-बाडमेरकडचे मांगणियार प्रामुख्याने राजपूत आणि इतर हिंदू घराण्यांकडे जन्म-लग्नाला गातात, त्यामुळे त्यांच्याकडे देवीची आणि कृष्णाची पदंही भरपूर. लंगांचे यजमान मुख्यतः सिंधी सिपाही या समाजाचे मुसलमान. लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी यांनी राजस्थानातल्या बोरुंदा गावात 1960 साली सुरू झालेल्या रूपायन संस्थानातून या समाजांची जी नोंद केली, तिच्यातही ही विभागणी आहे.

कमायचा नीट बघा: आंब्याच्या लाकडाचं गोल पोट, त्यावर बकऱ्याचं कातडं, मुख्य तारा तातीच्या (आतड्याच्या). म्हणून आवाज खोल, जरा घोगरा. लंगांची सारंगी त्यापेक्षा टोकदार वाजते. शिवाय सुरनाई, मुरली ही फुंकून वाजवायची वाद्यं वाजवणारी लंगांची एक शाखा वेगळीच आहे.

खडतालवरून मात्र ठरवू नका. ते मुळात मांगणियारांचं वाद्य (लाकडाच्या नुसत्या पट्ट्या, आपल्या चिपळ्यांसारख्या झांजा नाहीत), पण हल्ली रंगमंचावर लंगांच्या ताफ्यातही सर्रास दिसतं. आणि सोबत काळ्या घागऱ्यात गिरक्या घेणाऱ्या बायका या दोघांपैकी कुणाच्याच नसतात, त्या कालबेलिया या वेगळ्या जमातीच्या.