ड्रम्सचा प्रीअँप: गेन किती देतो यापेक्षा मार किती सोसतो ते बघा

दोन इनपुटचा इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी पेटी) आहे, ड्रम्स घरीच रेकॉर्ड करायचेत, तर ट्रान्सफॉर्मरवाला एकच भारी प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) घ्यावा की आठ चॅनेलचा साधा, असं तुम्ही विचारलंय. माझं मत आठ चॅनेलच्या बाजूने. फक्त घेण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासा.

प्रीअँप म्हटलं की लोक कमाल गेन (सिग्नल किती वाढवता येतो) आणि नॉइजचे आकडे चाळत बसतात. हळू गाणाऱ्यासमोर रिबन माइक (फार क्षीण सिग्नल देणारा) असेल तर ते योग्यच. ड्रम्सचं गणित उलटं आहे. शुअर एसएम५७ हा माइक घ्या. ९४ डीबी आवाजाला तो जेमतेम दीड-दोन मिलिव्होल्ट देतो. तोच स्नेअरच्या कडेला दोन बोटांवर लावा आणि एक सणसणीत रिमशॉट (कातडं आणि कडा एकदम ठोकणारा फटका) बसू द्या. क्षणभर आवाज १४० डीबीच्या घरात जातो आणि माइकमधून ०.३ व्होल्ट किंवा जास्तच निघतात. इथे ६० डीबी गेनचं करायचं काय? बऱ्याचदा १०-२० डीबीत भागतं.

म्हणून माहितीपत्रकात दोन आकडे शोधा: किमान गेन किती, आणि माइक इनपुट जास्तीत जास्त किती पातळी सोसतो. दुसरा आकडा +१० डीबीयूच्या (सिग्नलची व्होल्टेज पातळी मोजायचं एकक) पुढे असेल तर निर्धास्त. कमी असेल तर प्रत्येक चॅनेलला पॅड (सिग्नल आत येतानाच कमी करणारा स्विच) हवाच. सुरुवातीला माझ्याकडे पॅड नव्हता. गेन पार खाली असूनही लाल दिवा लुकलुकत होता, आणि मी शहाण्याने सॉफ्टवेअरमधला फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली ओढला. अख्खी स्नेअर चिरकलेली निघाली. सिग्नल प्रीअँपमध्येच कापला गेला होता, फेडर त्याच्या कितीतरी नंतर येतो.

पोलॅरिटीचं (सिग्नल उलटा करायचं) बटण प्रीअँपवर नसलं तरी चालतं, सॉफ्टवेअरमध्ये मिळतं.

जोडणी मात्र आधी बघा. तुमच्या इंटरफेसला ऑप्टिकल एडॅट इनपुट (प्रकाशाच्या केबलवरून अनेक चॅनेल घेणारं) असेल तर एका केबलवर ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला आठ चॅनेल येतात, ९६ ला चारच. क्लॉक (डिजिटल यंत्रांना एका तालात ठेवणारा ठोका) एकाच यंत्राचा ठेवा, दुसऱ्याने तो पाळायचा; नाहीतर मधूनच टिकटिक ऐकू येते आणि माणूस केबल बदलत बसतो. एडॅट नसेल तर आठ चॅनेलचा प्रीअँप घेऊन दोन इनपुटमध्ये काय कोंबणार? मग इंटरफेसच मोठा घ्या.

नीव्ह १०७३ किंवा एपीआयच्या धाटणीचे ट्रान्सफॉर्मरवाले प्रीअँप किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअरला सुंदर लागतात, नाकारत नाही. थोडे रेटले की टोकं गोलसर होतात, अंगात वजन येतं. पण टॉम आणि ओव्हरहेडला (ड्रम्सच्या वर लावलेले माइक) इनपुटच उरला नाही तर ते वजन कुठे मांडणार? ती हौस नंतर.

चार चॅनेलवरही छान काम होतं: किक, स्नेअर आणि दोन ओव्हरहेड, ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्या पद्धतीने. दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून सारख्या अंतरावर हवेत. नजरेवर विसंबू नका, दोरी धरून मोजा. ३४ सेंटीमीटरचा फरक म्हणजे जवळपास एक मिलिसेकंद, आणि स्नेअर एका बाजूला सरकते.

आणि गेन लावताना ड्रमरला गाण्यातला सगळ्यात जोराचा भाग वाजवायला लावा. टेकच्या वेळी तो त्याहूनही जोरात वाजवणार आहे, तेव्हा मीटर −१२ डीबीच्या आसपासच थांबू द्या.