मायक्रोस्कोपखाली बॅक्टेरियांची मोटिलिटी बघायला सुरुवात करतोयस ना, मग आधी हे
मोटिलिटी म्हणजे जीवाने स्वतःची ऊर्जा खर्चून केलेली हालचाल, लॅटिन 'मोव्हेरे' म्हणजे हलवणे त्यावरून आलाय शब्द, सध्या एवढं पुरे. सगळे नवीन लोक एकच चूक करतात, स्लाइडवर काही थरथरलं की लगेच मोटाइल (म्हणजे स्वतःहून हलणारा) लिहून मोकळे! अरे ती बहुतेक वेळा ब्राउनियन हालचाल असते, रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये परागांमधल्या बारीक कणांची पाहिली तीच, पाण्याचे रेणू आदळत राहतात म्हणून मेलेले बॅक्टेरियासुद्धा जागच्या जागी थरथरतात. आणि सगळेच एका दिशेला चाललेत? तो नुसता प्रवाह.

- एकच पेशी धर, बाकीच्यांपेक्षा वेगळ्या दिशेने लांब गेली तरच खरी मोटिलिटी.
- उजेड कमी कर, झगझगीत प्रकाशात काही दिसत नाही.
- स्लाइड वाळायच्या आत बघ.

फ्लॅजेला (पोहायची शेपटीसारखी अंगं), केमोटॅक्सिस (रसायनाच्या दिशेने किंवा त्यापासून दूर जाणं) वगैरे नंतर, आधी डोळा तयार होऊ दे.