पहिलं इंजेक्शन घेण्याआधी

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी वजन उतरवायला आठवड्याचं इंजेक्शन लिहून दिलं आणि तू ते सुरू करायचं ठरवलंस, चांगलं केलंस. घरात कोणी ना कोणी म्हणेलच, "तोंड आवर जरा, सकाळी फुटाळा तलावाला चक्कर मार, औषध कशाला पाहिजे?" त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस. आहाराचा सल्ला देण्यात माझी उमर गेली. वजन उतरत नाही ती माणसं आळशी असतात, हे मी कधीच मानलं नाही. काहींची भूकच वेगळी असते. पोटभर जेवण होऊन अर्धा तास होत नाही तर मन चिवड्याच्या डब्यापाशी, आणि त्याला आवरण्यात सगळा दिवस जातो. हे औषध नेमकं तिथे काम करतं.

जेवल्यावर आपल्या आतड्यात जीएलपी-१ नावाचं संप्रेरक तयार होतं. पोट भरल्याची खबर ते मेंदूला देतं आणि काही मिनिटांत विरून जातं. या इंजेक्शनांतलं सेमाग्लुटाइड हे त्याच्याच धर्तीवर केलेलं, पण टिकणारं औषध. अंगातलं निम्मं ओसरायलाच आठवडा लागतो, म्हणून आठवड्यातून एकच सुई. तुला डॉक्टरांनी टिरझेपटाइड दिलं असेल, तर ते जीआयपी नावाच्या आणखी एका संप्रेरकाचंही काम करतं.

आता तुझा प्रश्न, किती दिवसांत किती किलो. पहिल्या महिन्यात काट्याकडे पाहूच नकोस. सेमाग्लुटाइडची सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमने होते. ती मात्रा पोटाला सवय व्हावी म्हणून असते, वजन उतरवण्यासाठी नाही. मग चार-चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि २.४. वरच्या मात्रेपर्यंत जायलाच चार महिने लागतात, आणि सगळ्यांना तिथवर जावंही लागत नाही. जिममधल्या मैत्रिणीचं दीड महिन्यात सहा किलो उतरलं म्हणून आपली मात्रा आपणच वाढवायची नाही. घाई केलेल्यांना ओकाऱ्या होतात आणि ते औषधच सोडून देतात.

मळमळ, करपट ढेकर, बद्धकोष्ठ, कधी जुलाब, हे बहुतेक मात्रा वाढली की येतं आणि हळूहळू कमी होतं. या औषधाने जठर सावकाश रिकामं होतं. म्हणून सकाळी खाल्लेल्या पोह्यांवरची तर्री दुपारपर्यंत घशाशी येत राहील. सावजी रस्सा, लग्नातलं तळण, रात्री उशिराचं जेवण, हे सुरुवातीचे महिने बाजूला ठेव. कायमचं सोडायचं काहीच नाही, पण ताटात निम्मंच घे आणि सावकाश खा. पोट भरलं की पुढचा घास खाली ठेवायचा, मग आत्या कितीही आग्रह करो.

साधारण किती उतरेल? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. औषधाऐवजी नुसती सुई आणि आहार-व्यायामाचा सल्ला मिळालेल्यांचं अडीच टक्क्यांहून कमी. टिरझेपटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत हा आकडा २० टक्क्यांच्या वर गेला. म्हणजे सेमाग्लुटाइडवर नव्वद किलोच्या माणसाचे तेरा-चौदा किलो, आणि तेही सव्वा वर्षात. ही सरासरी आहे बरं. काहींचं पाच टक्केही उतरत नाही; शरीर तसा प्रतिसाद देत नाही, त्यात त्यांचा दोष नसतो.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही, स्नायूही जातात. भूक मेलेली असते, मग पोरी दोन बिस्किटं आणि चहावर दिवस काढतात, आणि काटा खाली जातोय म्हणून खूश असतात. सहा महिन्यांनी जिना चढताना मांड्या थरथरतात, केसांचे पुंजके हातात येतात. हे टाळता येतं. आधी उसळ किंवा घट्ट वरण, मग भाजी-भाकरी, भात शेवटी, जागा उरली तर. पातळ वरणाच्या पाण्यात प्रथिनं फारशी नसतात, हे आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊच्या आसपास. किडनीचा त्रास नसेल तर वजनाच्या किलोमागे रोज एक ग्रॅम प्रथिनांच्या खाली जाऊ नकोस. आणि चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचल. जिम नको असेल तर घरी खुर्ची धरून उठबशा काढ, भिंतीला हात टेकून दंड घाल, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचल. याचा कंटाळा करू नकोस, हात जोडून सांगते.

वर्ष-सव्वा वर्षाने काटा एका जागी थांबेल. तेव्हा तू मला रडवेल्या आवाजात फोन करशील की औषध लागू पडेना. औषध लागू असतंच. हलक्या झालेल्या शरीराला कमी ऊर्जा लागते, आणि वजन राखण्याची त्याची धडपडही सुरू असते. दोन्हींचा मेळ बसला की उतरणं थांबतं. तिथून पुढे औषधाचं काम उतरलेलं वजन टिकवायचं.

आणि बंद केलं तर? सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीतल्या ज्यांनी औषध आणि सल्ला दोन्ही थांबवले, त्यांचं उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं. भूक पुन्हा जागी होते, बेटा. याला मनाचा कच्चेपणा म्हणू नकोस, हा दीर्घकाळचा आजार आहे. बीपीची गोळी सोडली की बीपी वाढतं, तसंच. म्हणून किती वर्षं घ्यायचं, पुढे मात्रा कमी करता येईल का, हे डॉक्टरांना सुरुवातीलाच विचार. खर्चाचा हिशोबही दोन-तीन वर्षांचा मांड, कारण मात्रा वाढते तशी किंमतही बऱ्याचदा वाढते. मार्च २०२६ मध्ये आपल्याकडे सेमाग्लुटाइडचं पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांची वाट मोकळी झाली, हे बरंच झालं. पण घेशील ते चिठ्ठीवर, पक्क्या बिलाने, फ्रिज असलेल्या मेडिकलमधून.

फ्रिजचं मुद्दाम सांगते, कारण आपला उन्हाळा. न उघडलेलं इंजेक्शनचं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही. गोठलं की टाकून द्यायचं. नवतप्यात पंचेचाळीस अंशांत, पेन गाडीच्या डिक्कीत ठेवून बर्डीच्या बाजारात खरेदी करत फिरलीस तर ते वाया गेलं समज. जेवण कमी झालं की पाणीही कमी जातं, वर ओकारी-जुलाब झाले तर किडनीवर ताण येतो. त्यामुळे मे महिन्यात तहान लागायची वाट न पाहता ताक-पाणी घेत राहा.

जोरात पोट दुखून कळ पाठीत गेली, उजव्या बरगडीखाली दुखून ताप आला, किंवा पाणीही पोटात ठरेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. स्वादुपिंड किंवा पित्ताशयाचा त्रास असू शकतो. घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा कॅन्सर झाला असेल, तर पहिल्या सुईआधीच डॉक्टरांना सांग. ऑपरेशनसाठी भूल द्यायची वेळ आली तरी सांग. बाळाचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. टिरझेपटाइडवर गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीचे आणि मात्रेच्या प्रत्येक वाढीनंतरचे चार आठवडे दुसरा उपायही लागतो. हे विचारायला लाजू नकोस.

रविवारी घरी ये. डॉक्टरांची चिठ्ठी, साखरेचा रिपोर्ट आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत आण. मधुमेहाची एखादी गोळी असेल तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका आधी तपासावा लागेल. तुझ्या ऑफिसच्या डब्यात काय काय भरायचं, तेही बसून लिहून काढू.

तुझी,
मावशी