मशीन घेण्याआधी

दारव्हा

प्रिय बेटा,

तुझं पत्र मिळालं. तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना टाकतेस याचा फार आनंद झाला. पण अर्धं पत्र रूट कॅनाल, म्हणजे दाताच्या मुळातली नळी, गरम गटापर्चानं (रबरासारख्या पदार्थानं) भरायच्या मशीनबद्दल आहे आणि त्यासाठी कर्ज वाढवायचा विचार दिसतो, म्हणून रात्रीच लिहायला बसलो. पहिलं वर्ष ते मशीन घेऊ नकोस. त्या पैशात मुळाचं टोक (एपेक्स) कुठे आहे ते दाखवणारा चांगला एपेक्स लोकेटर घे, दात लाळेपासून वेगळा ठेवणाऱ्या रबर डॅमचा पूर्ण संच घे, एक्सरेची सोय कर.

मशीन वाईट आहे म्हणून मी हे सांगत नाही. १९६७ साली बोस्टनच्या शिल्डर यांनी गटापर्चा गरम करून वरून खाली दाबत भरायची पद्धत मांडली, ती विचारानं पक्कीच आहे. थंड लॅटरल पद्धतीत गटापर्चाचे थंड कोन (निमुळत्या काड्या) एकमेकांशेजारी कितीही दाबले तरी एकजीव होत नाहीत, मधल्या फटी सीलर हा चिकट लेपच भरतो. गरम गटापर्चा मात्र आडवळणात, फाट्यांत शिरतो. एक्सरे पाहिला की मन भरतं. पण दात बरा होण्याशी या देखणेपणाचा संबंध आपल्याला वाटतो तेवढा नाही. २००७ साली गरम आणि थंड लॅटरल पद्धतींच्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली. भरल्यानंतरच्या दुखण्यात किंवा दूरच्या यशात ठळक फरक सापडला नाही. गरम पद्धतीत भरण एपेक्सबाहेर जाण्याचं प्रमाण तेवढं जास्त निघालं.

आणि भरण कुठे थांबतं, याला मोठी किंमत आहे. स्वीडनमधल्या एका अभ्यासात ३५६ रुग्ण आठ ते दहा वर्षांनी पुन्हा तपासले, १९९० साली तो छापला गेला. मुळाच्या टोकाशी आधीच हाड खाल्लेलं होतं अशा दातांत, भरण एपेक्सच्या दोन मिलिमीटरच्या आत संपलेलं असेल तर ९४ टक्के बरे झाले. बाहेर गेलेल्यांत ७६ टक्के, दोन मिलिमीटरपेक्षा तोकड्यांत ६८ टक्के. म्हणून आधी लोकेटर. आणि रबर डॅमशिवाय हायपो, म्हणजे कॅनाल धुवायचं जंतुनाशक, मनासारखा वापरता येत नाही. जे आत धुतलं गेलं नाही, ते कुठल्याच पद्धतीनं झाकून मिटत नाही.

तेव्हा थंड लॅटरल हात बसेपर्यंत कर. मास्टर कोन, म्हणजे पहिला मुख्य कोन, वर्किंग लेंथला, म्हणजे कॅनालच्या ठरवलेल्या लांबीला, जाऊन ओढताना किंचित अडला पाहिजे. अडत नसेल तर पुढे जाऊ नकोस, टोक कापून किंवा एक नंबर मोठा घेऊन पुन्हा बसव, एक्सरे काढ. आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या खोलीत कोन इतके नरम पडतात की टोक मुडपतं आणि आपल्याला वाटतं कोन बसला. डबा फ्रीजमध्येच ठेव. स्प्रेडर, म्हणजे कोन बाजूला दाबून जागा करायचं टोकदार हत्यार, लांब दांड्याचं हाताचं नको, बोटात धरायचं घे. लांब दांड्यामुळे जोर किती लागतोय ते कळत नाही आणि पातळ मुळाला उभी चीर जाते. ती आज दिसत नाही, दोन वर्षांनी दात काढावा लागतो तेव्हा दिसते. कोन न घालता स्प्रेडर आधी कॅनालमध्ये मोकळा उतरवून बघ. लेंथच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडे पोचत नसेल, तर तुझं शेपिंग, म्हणजे कॅनाल रुंद करून आकार देणं, कमी पडलंय. कोन घातल्यावर स्प्रेडर दाबून दहाएक सेकंद धर, मागेपुढे फिरवत काढ, त्याच जागी लगेच बारीक ॲक्सेसरी कोन सोड. वर उरलेले कोन तापल्या हत्यारानं कापायला स्पिरिटचा दिवा पुरतो. लाइट गेली तरी काम अडत नाही, आणि तुझ्या गावी ती भर दुपारीच जाईल.

लॅटरल कुठे हरते, तेही नीट ओळख. खालच्या दुसऱ्या दाढेत इंग्रजी सी अक्षरासारखा कॅनाल निघाला, मूळ आतून खाल्लं जाऊन मध्ये पोकळी झाली असेल, तर थंड कोन तिथे पोचतच नाहीत. तिथे गरम गटापर्चाच हवा. असे दात आले की यवतमाळला किंवा नागपूरला पाठव, वर्षभरात किती आले ते वहीत लिही. मशीन घ्यायचं की नाही हे ती वहीच सांगेल. एपेक्स उघडाच असेल तर प्रश्न निराळा, तिथे आधी एमटीएचा, म्हणजे एका सिमेंटचा, बूच लागतो.

मी मशीन घेतलं तेव्हा पहिल्याच महिन्यांत एका शेतकऱ्याच्या खालच्या दाढेत गटापर्चा बाहेर ढकलला. एक्सरेवर टोकाशी स्वल्पविरामासारखं शेपूट दिसत होतं. तीन आठवडे त्या माणसाला त्या बाजूनं भाकर चावता आली नाही. एपेक्सची अडण मी आधीच कॅनाल घासायच्या फाइलनं मोडून ठेवली होती, मास्टर कोन अडत नव्हता, आणि मशीन सगळं सांभाळून घेईल असं मी धरून चाललो होतो. तापलेलं टोक लेंथच्या चार-पाच मिलिमीटर अलीकडे थांबवायचं आणि उष्णता काही सेकंदच द्यायची, हे तेव्हापासून माझ्या हातात भिनलं. ४७ अंश उष्णता मिनिटभर लागली तर हाडाला इजा होते, आणि मशीनचं टोक दोनशे अंशांवर चालतं.

आता सिंगल कोन, म्हणजे एकच मोठा कोन, आणि बायोसिरॅमिक सीलर. सध्या सगळे तेच करतात, सोपं आहे म्हणून. गोल, नीट शेप केलेल्या कॅनालमध्ये मीही करतो. हा सीलर ओलाव्यावर घट्ट होतो, म्हणून पेपर पॉइंटनं, म्हणजे कागदाच्या बारीक काड्यांनी, कॅनाल पार कोरडाठक्क करू नकोस. काही सीलरना उष्णता मानवत नाही, पाकिटातला कागद वाच. पण लंबगोल कॅनालमध्ये एकच कोन टाकून बाकी सगळी जागा सीलरवर सोडणं मला पटत नाही. पुढे तो दात पुन्हा उघडायची वेळ आली तर घट्ट झालेल्या सीलरमधून टोकापर्यंत वाट मिळेलच असं नाही.

एका ठिकाणी मात्र हीच पद्धत उपयोगी पडते. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाऊन ज्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही अशी पंचविशीतली पोरं तुझ्याकडे रोज येतील. त्यांच्या मागच्या दाढेत ना स्प्रेडर सरळ जातो, ना गटापर्चा दाबायचा तापलेला प्लगर, उलट गाल भाजायची भीती. तिथे मापाचा एकच कोन आणि बायोसिरॅमिक. आणि त्या पोराशी खर्र्याबद्दल बोलल्याशिवाय त्याला खुर्चीवरून उठू देऊ नकोस. तोंडातल्या पांढऱ्या पट्ट्यांवर बोट फिरवून बघ, जखम दिसली तर त्याच दिवशी चिठ्ठी देऊन पुढे पाठव.

कापूस वेचणीला जाणाऱ्या एका बाईची दाढ मी डिसेंबरात भरली. लॅटरल इतकी सुरेख झाली होती की एक्सरे मी जपून ठेवला. वर टेम्पररी, म्हणजे तात्पुरतं भरण, लावून आठवड्यानं बोलावलं. ती होळीनंतर आली, गाल सुजलेला. "दुखून नव्हतं रायलं जी, मंग कायले मजुरी बुडवू?" तिचं काय चुकलं? टेम्पररी केव्हाच झिजून गेली होती आणि माझं सुरेख भरण तीन महिने लाळेत भिजत होतं. १९९५ साली रे आणि ट्रोप यांनी १,०१० दातांचे एक्सरे तपासून हेच दाखवलं होतं की वरचं भरण कच्चं असेल तर खालच्या चांगल्या भरणाचाही टिकाव लागत नाही. मी ते वाचलेलं होतं, तरी तिला तशीच जाऊ दिली.

तेव्हापासून कॅनालच्या तोंडाशी गटापर्चा एक-दोन मिलिमीटर खाली उतरवतो, त्यावर ग्लास आयोनोमर सिमेंट, त्याच बैठकीत पक्कं भरण. युजेनॉलचा (लवंगतेलातल्या द्रव्याचा) सीलर वापरलास तर चेंबर, म्हणजे दाताच्या आतली वरची पोकळी, अगदी नीट पुसून घे, त्याच्यावर काँपोझिटचं भरण धड घट्ट होत नाही. कॅपचे पैसे आज नसतील तर दाढेची वरची चावायची टोकं थोडी उतरवून ठेव आणि पीक विकल्यावर यायला सांग.

काढलेले दात फेकू नकोस. निर्जंतुक करून दहा दात लॅटरलनं भर, दहा सिंगल कोननं, आणि टोकापासून तीन मिलिमीटरवर आडवे काप. भिंगाखाली सीलर किती आणि गटापर्चा किती ते स्वतः पाहा. दिवाळीनंतर दारव्ह्याला ये, ते काप आणि तुझे पहिले दहा एक्सरे सोबत आण, बिघडलेले आधी.

तुझा,
काका